लोणारच्या विवरात उतरायला राळेगावहून किती पैसे लागतात?

कापसाची पहिली वेचणी घरात आली, दिवाळी झाली, मुलांच्या शाळा अजून उघडायच्या आहेत. या पंधरवड्यात राळेगावातल्या बऱ्याच घरांत कुठेतरी जायचा विषय निघतो. आजकाल मुलं मोबाइलवर दूरच्या बेटांवरची ज्वालामुखीची विवरं बघतात आणि विचारतात, आपण असं काही कधी बघणार? त्यांना आधी शेतात न्या, असं मी पालकांना सांगते. आपल्या पायाखालची काळी कपाशीची माती म्हणजे झिजलेला लाव्हाच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उकळता रस थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचं पठार झालं. त्या काळ्या खडकातलं जगात नाव असलेलं विवर आपल्यापासून अडीचशे किलोमीटरवर, बुलडाणा जिल्ह्यात लोणारला आहे.

त्याची गंमत अशी की ते ज्वालामुखीचं नाही. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, आणि पुढे दीडशे वर्षं भूशास्त्रज्ञांचं एकमत होईना. चहूबाजूंनी लाव्हाचा खडक असल्यामुळे बहुतेकांना ते ज्वालामुखीचंच वाटे. १९७३ साली तिथल्या खडकात प्रचंड आघाताशिवाय तयार न होणारी काच सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि उल्केचं म्हणणं पक्कं झालं. बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेली आणि इतकी नीट टिकलेली विवरं पृथ्वीवर फारच थोडी आहेत. चंद्रावरची विवरंही अशाच खडकातली, म्हणून अभ्यासक जगभरातून इथे येतात.

या लेखात हिशोब आहे तो चौघांच्या घराचा: नवरा, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांची आजी. दोन दिवस, एक मुक्काम. जिथे दर सरकारने ठरवलेला आहे तिथे तो दिला आहे. जिथे दर माणसागणिक बदलतो तिथे मी एक आकडा धरला आहे आणि तसं म्हटलं आहे. तिथे आपला आकडा घालून बेरीज पुन्हा करावी. वही-पेन घेऊन बसलात तर अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सहलीत वाया जाणारे बहुतेक पैसे त्या अर्ध्या तासात वाचतात.

आधी एसटीचा हिशोब

लाल गाडीचं भाडं टप्प्यावर मोजतात. एक टप्पा म्हणजे ६ किलोमीटर. २५ जानेवारी २०२५ पासून साध्या गाडीचा टप्पा १० रुपये ५ पैशांचा झाला, आधी तो ८ रुपये ७० पैसे होता. राळेगावहून कळंब, यवतमाळ करत मेहकरमार्गे किंवा वाशीममार्गे लोणारला पोचायला गाडी बदलावी लागते. मधली गावं घेत जाणारी वाट २६४ किलोमीटरची, म्हणजे ४४ टप्प्यांची धरू. पूर्ण तिकीट ४४२ रुपये.

पण आपल्या घरात पूर्ण तिकीट एकाचंच आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून सगळ्या एसटी गाड्यांत निम्मं भाडं आहे, म्हणून बायकोचे २२१. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट, आणखी २२१. आजीने पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे ऑगस्ट २०२२ पासूनच्या अमृत ज्येष्ठ नागरिक सवलतीत तिचा प्रवास फुकट. जातानाचे ८८४ आणि येतानाचे तेवढेच, मिळून १,७६८ रुपये. आजी पासष्ट ते पंचाहत्तरमधली असती तरी अर्धंच तिकीट लागलं असतं. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड पिशवीच्या तळाशी ठेवू नका. वाहकाने मागितलं की हातात असावं. गाडी बदलाल तिथे टप्पा नव्याने मोजला जातो आणि अर्धवट टप्पाही पूर्ण धरतात, त्यामुळे तीन गाड्या बदलल्या तर वीस-पंचवीस रुपये इकडेतिकडे होतील. यवतमाळच्या बसस्थानकावर मेहकरवरून पुढे जाणारी लांब पल्ल्याची गाडी कोणती, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. मेहकरहून लोणार पंचवीसेक किलोमीटर राहतं.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही आहे, चार आणि सात दिवसांचा. फक्त लोणार करून परतायचं असेल तर आपल्या घराला त्यात फायदा नाही, कारण महिलांची आणि आजीची सवलत त्याहून मोठी आहे. जोडून शेगाव, सिंदखेडराजा, वेरूळ असा मोठा फेरा मारणार असाल तर घरातल्या पुरुषाचा पास काढण्याचा विचार करा.

घरची गाडी

कारंजापर्यंत साध्या रस्त्याने जाऊन तिथून समृद्धी महामार्ग पकडला तर मेहकरला उतरता येतं. राळेगाव ते लोणार अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतात. जाऊन-येऊन पाचशे, गावातलं फिरणं पन्नास. गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असं धरू. साडेपाचशे किलोमीटरला ३४ लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे ३,६०९ रुपये.

समृद्धीचा पथकर कारसाठी १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे आहे. सुरुवातीला, डिसेंबर २०२२ मध्ये, तो १ रुपया ७३ पैसे होता. कारंजा ते मेहकर १०५ किलोमीटर धरले तर एका बाजूचे २१६, दोन्हींचे ४३२. फास्टॅग नसेल किंवा त्यात पैसे नसतील तर दुप्पट भरावे लागतात, म्हणून निघण्यापूर्वी शिल्लक बघा. दुचाकीला या रस्त्यावर परवानगी नाही, तिने जाणाऱ्यांनी दारव्हा-वाशीमचा रस्ता धरावा.

एका गोष्टीवर मात्र खर्च करायला मागेपुढे पाहू नका: टायर. समृद्धीचं काँक्रीट तापतं, गाडी एकाच वेगात तासन् तास धावते, आणि गुळगुळीत झालेला टायर अशा वेळी फुटतो. चार टायर घासलेले असतील तर सहल महिनाभर पुढे ढकला, नाहीतर एसटीने जा. चौघांचा जीव त्या रबरावर असतो. १२० ची वेगमर्यादा आहे म्हणून १२० ने पळवलीच पाहिजे असंही नाही. नव्वदने गेलात तर कारंजा-मेहकर पट्ट्यात वीस मिनिटांच्या आतबाहेर फरक पडतो आणि पेट्रोलही वाचतं.

भाड्याची गाडी, आणि तिथे होणारी फसगत

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या असतात, म्हणून इथे थोडं थांबते. गाडीवाला फोनवर किलोमीटरचा दर सांगतो आणि आपण त्याला गुणून मोकळे होतो. चौदा रुपये दर धरला तर साडेपाचशे किलोमीटरचे ७,७०० असं आपल्या मनात बसतं. परतल्यावर बिल येतं साडेनऊ हजारांच्या वर. खोटं कोणीच बोललेलं नसतं, विचारायचं तेवढं आपण विचारलेलं नसतं. दिवसाला किमान तीनशे किलोमीटरचे पैसे, अशी अट बहुतेक ठिकाणी असते. तुम्ही साडेपाचशे फिरलात तरी दोन दिवसांचे सहाशे लागतात, म्हणजे ८,४०० रुपये. चालकाचा भत्ता रोजचा चारशे धरला तर ८००. पथकर ४३२. बेरीज ९,६३२.

किलोमीटर कुठून मोजणार, हाही प्रश्न आधीच करायचा. आम्ही एकदा यवतमाळहून मागवलेली गाडी राळेगावच्या दारातून सुरू झाली असं समजत होतो. मालकाने त्याच्या अंगणापासून अंगणापर्यंत मोजले आणि नव्वद किलोमीटर जास्तीचे निघाले. तेव्हापासून निघताना आणि उतरताना मीटरचा फोटो काढते. दर, रोजचं किमान अंतर, भत्ता, पथकर, पार्किंग, एसीचे वेगळे की धरून, मोजणी कुठून आणि रद्द केल्यास आगाऊ रकमेचं काय, हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि ‘मान्य’ असं उत्तर मागा. तेवढा मजकूर पुढे पुरावा म्हणून चालतो.

गाडीची पाटी बघा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी दोन रुपये स्वस्त मिळते, पण खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. किलोमीटरमागे वाचवलेल्या दोन रुपयांसाठी हा धोका घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन घरं मिळून सहा-सात आसनांची जीप केली तर डोकी वाढतात, भाडं तेवढं वाढत नाही. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांनी आधी एसटीकडेच जावं. शालेय सहलींना तिथे निम्म्या दराची सवलत आहे.

मुक्काम करावा का?

करावा. लोणार एका दिवसात उरकणारे लोक दुपारी बारा वाजता काठावर पोचतात, वरून फोटो काढतात आणि निघतात. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि काठापासून पाणी जवळजवळ १४० मीटर खाली. चाळीस मजल्यांची इमारत आत उभी केली तर तिचा शेंडा काठाला टेकेल. हे उतरून अनुभवायचं असेल तर सकाळचीच वेळ हवी, आणि राळेगावहून निघून सकाळी सातला तिथे पोचणं कुणालाच जमणार नाही. काठावर राज्य पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, गावात लॉज आहेत. हिशोबात मी चौघांच्या खोलीचे दीड हजार धरले आहेत. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ७५ रुपये: २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला एवढाच कर आहे, आधी तो १२ टक्के होता. जुन्या दराने कर लावलेलं बिल कोणी पुढे केलं तर तिथेच दाखवून द्या. महामंडळाची खोली घ्यायची तर त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोधल्यावर वर येणाऱ्या पहिल्या फोन नंबरवर पैसे पाठवू नका.

जेवणाचं सोपं आहे. जाताना शिदोरी न्या: दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. दशम्या दुसऱ्या दिवशीही चांगल्या लागतात. उरलेली तीन जेवणं बाहेरची, ताट दीडशेचं धरलं तर चौघांचे १,८००. चहा-नाश्ता ४००. बिलात ‘सेवा शुल्क’ म्हणून काही जोडलं असेल तर ते देणं तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. दुकानातून पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊन घेऊ नका. गार करून दिली म्हणून जास्त, हे कारण कायद्यात बसत नाही.

विवरात

लोणार हे २००० सालापासून वन्यजीव अभयारण्य आहे, १९७९ पासून राष्ट्रीय भूवारसा स्मारक आहे, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर पाणथळीच्या यादीत गेलं. नांदूर मधमेश्वरनंतरची महाराष्ट्रातली ती दुसरी जागा. म्हणून नियम अभयारण्याचे. वन विभागाच्या फलकावर लिहिलेलं तेवढंच शुल्क द्या आणि पावती घ्या. त्यासाठी आणि इतर फुटकळ खर्चासाठी ३०० ठेवू. वाटाड्या घ्या, मी ५०० धरले आहेत. पैसे उतरण्याआधी ठरवा, माणशी की सगळ्यांचे मिळून, तेही विचारा. गावातला जाणता माणूस बरोबर असला तर देवळं, झाडं, खडक सगळं उलगडत जातं आणि काठ कुठे खचतो तेही त्याला माहीत असतं. हे पाचशे रुपये मला या सगळ्या सहलीतले सर्वांत सत्कारणी लागलेले वाटतात.

महागडे ट्रेकिंगचे बूट नकोत. घरातले तळाला खाचा असलेले कॅनव्हासचे बूट पुरतात, चप्पल मात्र चालणार नाही. गोमुखाच्या धारेकडून पायऱ्यांनी उतरायला अर्धा तास लागतो. खाली पाण्याच्या कडेने पूर्ण फेरी चार किलोमीटरच्या आसपास होते, काटेरी झुडपं आणि बाभळींतून. ती करायची तर अडीच-तीन तास आणि माणशी दोन लिटर पाणी हवं. पाणी वाढलं असेल तर काठची वाट आणि कमळजामातेच्या देवळाचा परिसर बुडतो, तेव्हा फेरीचा हट्ट धरू नका. चढून यायला पाऊण तास. वरच्या काठाने फिरणारी वाट सहा किलोमीटरच्या घरात जाते. २०१८ मध्ये माणसं मारणाऱ्या अवनी वाघिणीच्या दिवसांत आपल्या तालुक्याने जंगलाची धास्ती जवळून पाहिली आहे, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत वर यायला हवं हे राळेगावच्या माणसाला मी वेगळं सांगत नाही.

आजीला खाली नेऊ नका. तिच्यासाठी गावातलं दैत्यसूदन मंदिर आहे, लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं. त्याच्या भिंतींवरचं कोरीव काम बघत, सावलीत टेकत तिची सकाळ छान जाते. संध्याकाळी चौघांनी मिळून धारेवर जा. तिथलं पाणी गोडं, आणि खाली हाकेच्या अंतरावरच्या सरोवराचं पाणी क्षारयुक्त.

मुलासाठी एक बिनपैशाचा प्रयोग सांगते. घरी हळदीच्या दाट पाण्यात कागदाची पट्टी बुडवून वाळवा आणि वहीत ठेवून न्या. सरोवराच्या पाण्यात टोक बुडवलं की पिवळं लालसर होतं. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तोच हा गुण. मग धारेच्या पाण्यात दुसरं टोक बुडवा, ते पिवळंच राहतं. जून २०२० मध्ये हेच सरोवर गुलाबी झालं होतं. पाणी आटून क्षार वाढले आणि क्षारात वाढणारे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. गुलाबी पाण्याच्या आशेने जाऊ नका, ते दरवर्षी दिसत नाही. पाण्यात उतरूही नका, अंगाला खाज सुटते.

कोणी उल्केचा तुकडा म्हणून दगड विकायला आणला तर घेऊ नका. आघातात उल्का वितळून, वाफ होऊन गेली. हातात येतो तो बेसॉल्ट, जो आपल्या बांधावर फुकट पडलेला आहे. आणि स्वतःही तिथला दगड उचलून आणू नका.

बेरीज

खोली १,५७५, जेवण-चहा २,२००, वाटाड्या ५००, फुटकळ ३००: मुक्कामाचे ४,५७५. एसटीने गेलात तर त्यात भाड्याचे १,७६८ आणि गावातल्या ऑटोचे ५०० मिळवा, सगळे मिळून ६,८५० रुपयांच्या आत. घरच्या गाडीने ८,६०० च्या आसपास. भाड्याच्या गाडीने १४,२००. मी आजी बरोबर असेल तर घरची गाडी, नसेल तर एसटी निवडीन. भाड्याची गाडी दोन घरांनी मिळून केली तरच परवडते. ज्यांना आणखी एक दिवस काढता येईल त्यांनी पन्नासेक किलोमीटरवरचं सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मस्थान, जोडून घ्यावं.

बेटावरच्या विवरांचं म्हणाल तर तेही अशक्य नाही. आपल्या देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानच्या बॅरन बेटावर आहे, पण तिथे उतरू देत नाहीत, बोटीतून बघायचा. मॉरिशसला क्युरपीप गावातच त्रू ओ सेर्फ नावाचं निवलेलं विवर आहे, काठाने रस्ता आहे. महाशिवरात्रीला तिथले हिंदू, त्यांत एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून गेलेल्यांची मराठी कुटुंबंही, ज्या गंगा तलावावर जातात तोही विवरातच साठलेला आहे. भारतीय पर्यटकांना व्हिसाचे पैसे लागत नाहीत. पण चौघांच्या नव्या पासपोर्टचे शुल्कच मोजा: मोठ्या दोघांचे १,५०० प्रमाणे तीन हजार, मुलाचे हजार, साठीच्या वरच्या आजीला दहा टक्के सूट धरून १,३५०. झाले ५,३५०, आणि अजून विमानाचं तिकीट काढलेलंच नाही.

कुणाकडून तयार सहल घेतली आणि ठरल्याप्रमाणे मिळालं नाही, खोली वेगळी दिली, आगाऊ रक्कम बुडवली, तर आधी लेखी तक्रार त्या व्यावसायिकाकडे करा. दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानेही झालं नाही तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पावती, मीटरचे फोटो आणि तो ‘मान्य’ लिहिलेला संदेश तोवर पुसू नका.

दोन दिवस काढता येत नसतील तर आपल्याच जिल्ह्यात, पांढरकवड्यापलीकडे शिबला-पारडीजवळ, रस्त्याच्या कामात बेसॉल्टचे खांब उघडे पडले आहेत. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला कोनाकोनांच्या भेगा पडल्या. जमिनीत ओळीने पुरलेल्या दगडी खुंटांसारखे ते दिसतात. राळेगावहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. मोटारसायकल लिटरला पन्नास देत असेल तर जाऊन-येऊन तीन लिटर पेट्रोल, ३१५ रुपये, आणि दशम्या घरच्या.